कीड मोडायची ती वैशाखात

वैशाखात दुपारी दोनच्या सुमारास अकोल्याच्या जुन्या वस्तीतून चालताना रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पारा पंचेचाळिसाच्या आसपास, दारं लोटलेली, कूलरची घरघर तेवढी ऐकू येते. एके काळी अशाच दुपारी अंगणाअंगणातून वेगळा आवाज यायचा. ठक्, ठक्, ठक्. घरातली बाज बाहेर काढायची, एका बाजूवर उभी करायची आणि तिचे पाय एकेक करून तापलेल्या फरशीवर आपटायचे. दोरीच्या विणीतून, पायांच्या सांध्यांतून ढेकूण टपटप खाली पडत आणि चार पावलंही न चालता आकसून जात. मग बाज संध्याकाळपर्यंत उन्हातच. गाद्या, गोधड्या, उशा गच्चीवर. हे काम एक दिवसाचं नव्हे, चार-पाच दुपारी चालायचं, आणि पुढे वर्षभर ढेकणांचं नाव काढावं लागत नसे.

यात काय घडत होतं ते आता नेमकं माहीत आहे. पंचेचाळीस अंशांवर प्रौढ ढेकूण साधारण दीड तासात मरतो. त्याची अंडी चिवट. ती मारायला अठ्ठेचाळीस अंश लागतात आणि तेही तासाहून जास्त वेळ. वऱ्हाडातली हवा पंचेचाळिसाला असते तेव्हा उन्हात पडलेलं लाकूड आणि फरशी त्याहून पुष्कळ तापलेली असतात. शहरांतले कीटकनियंत्रणवाले हल्ली खोल्या बंद करून मोठे हीटर लावतात आणि ढेकणांसाठी तापमान पन्नासच्या वर नेतात. त्याचे दाम भारी असतात. अमरावती-अकोल्याला ती उष्णता वर्षातून सहा आठवडे फुकट मिळते.

या प्रकरणात मला एवढंच सांगायचं आहे: घरातली कीड कायमची आटोक्यात ठेवायची असेल तर काम उन्हाळ्यात करायचं, कीड दिसत नसते तेव्हा. आपण नेमकं उलटं करतो. श्रावण-भाद्रपदात झुरळं, डास, मुंग्या, उंदीर सगळे एकदम वर आले की दुकानातून फवारा आणतो, घर वासाने भरतं, आठ दिवस बरं वाटतं आणि दिवाळीपर्यंत पुन्हा तेच. कुठल्याही किडीला तीन गोष्टी लागतात. पाणी, खाणं आणि लपायला फट. फवारा यांपैकी एकही काढून घेत नाही. उन्हाळ्यात यांतल्या पाण्याची सोय आपोआप कमी झालेली असते, आणि तेव्हाच किडीवर घाव घालायचा असतो.

सुरुवात धान्यापासून करू, कारण वऱ्हाडातल्या घराला कीड लागते ती बहुतेक वेळा पोत्यातून.

नव्या तुरीची मूठ तळहातावर घ्या आणि उजेडात एकेक दाणा फिरवून बघा. एखाद्या दाण्यावर खसखशीपेक्षा लहान, पांढरा, चिकटलेला ठिपका दिसेल. नखाने खरवडला तरी सहज निघत नाही. ते भुंगेऱ्याचं अंडं. त्यातून निघालेली अळी बाहेर येतच नाही. अंड्याच्या तळातूनच ती थेट दाण्यात शिरते, आतलं दळ खाते आणि तिथेच कोष करते. महिन्याभराने दाण्याला टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक पडतं आणि भुंगेरा बाहेर येतो. तो स्वतः काही खात नाही. त्याला फक्त पुढची अंडी घालायची असतात, आणि एक मादी शंभराच्या आसपास घालते. ‘तूर चांगली भरली होती, अचानक भोकं पडली’ असं म्हणतात ते या कारणाने. अचानक काहीच झालेलं नसतं. भुंगेरा शेतातच, वाळत आलेल्या शेंगेवर अंडी घालून गेलेला असतो. खळ्यातून पोत्यात आणि पोत्यातून घरात कीड आपणच वाहून आणतो.

म्हणून तूर, हरभरा, मूग यांना ऊन द्यायचं ते साठवण्याआधी. नुसतं पसरून उपयोग थोडा, कारण दाणे तापले की भुंगेरे उडून शेजारच्या पोत्यावर जाऊन बसतात. गच्चीवर काळं प्लास्टिक अंथरा, त्यावर कडधान्याचा पातळ थर द्या, वरून पारदर्शक प्लास्टिक टाका आणि चारही कडा विटांनी दाबा. वैशाखाच्या उन्हात आतलं तापमान काही तासांत साठ अंशांकडे जातं आणि दाण्याच्या पोटातली अळीही वाचत नाही. पेरणीसाठी राखलेलं बियाणं मात्र असं तापवू नये. तापलेलं धान्य तसंच कोठीत भरायचं नाही. रात्रभर गार होऊ द्यायचं, नाहीतर आत घाम धरतो आणि बुरशी येते. पुरेसं वाळलं की नाही हे ओळखायची जुनी खूण अजून चोख आहे: दाणा दाताखाली धरला की तो कट्ट आवाज करून फुटला पाहिजे, दबता कामा नये. साठवणीच्या धान्यात ओल बारा टक्क्यांच्या खाली असावी असं शास्त्र सांगतं. दाताला ते आकडा न वाचता कळतं.

तुरीची डाळ उन्हाळ्यातच करून ठेवायची वऱ्हाडी पद्धत आहे, तिच्यामागेही असंच शहाणपण आहे. भुंगेऱ्याच्या मादीला अंडी घालायला अख्खा, सालाचा गुळगुळीत दाणा लागतो. साल निघालेल्या, दुभंगलेल्या डाळीवर ती फारशी अंडी घालत नाही. तेल चोळलेल्या दाण्यावर अंडं नीट चिकटत नाही, चिकटलं तरी गुदमरतं. किलोला चमचाभर तेल पुरतं. गव्हाला एरंडेल लावतात तेही त्याच जातीचं काम. कडुलिंबाच्या पाल्याबद्दल मात्र थोडं सावध बोललं पाहिजे. वाळलेला पाला पोत्यात घातल्याने किडीचा जोर कमी होतो, पण आधीच किडलेलं धान्य पाल्याने निरोगी होत नाही. पाला हा राखणदार आहे, वैद्य नव्हे.

ज्वारीचं पेव आता कुणी भरत नाही. जमिनीत खोल खड्डा खणून, आतून कडबा लावून, ज्वारी भरून तोंड मातीने बंद करायचं. आत धान्याच्या आणि किड्यांच्या श्वासाने प्राणवायू संपत जाई, कर्बवायू साठे आणि किडे आपसूक मरत. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, हा दंडक याचमुळे. तो मोडून माणसं दगावलेली आहेत. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅमेरूनमधल्या शेतकऱ्यांसाठी चवळी टिकवायची एक तीन पदरी हवाबंद पिशवी तयार केली. आज अनेक देशांत ती वापरली जाते. तिचं तत्त्व आपल्या पेवाचंच आहे, फक्त ओल शिरायची भीती नाही. घरात तेच करायचं तर घट्ट झाकणाचा डबा काठोकाठ भरायचा. अर्धा रिकामा डबा म्हणजे किड्यांना महिनाभर पुरेल एवढी हवा.

आता वऱ्हाडाची खास गोष्ट. इथे शेत आणि घर यांच्यात कुंपण नाही. भाव पडला की वेचलेला कापूस घरातल्या खोलीत रचून ठेवला जातो. कधी माजघरात, कधी झोपायच्या खोलीतच. पऱ्हाटी, म्हणजे वाळलेली कपाशी, उपटली की जळणासाठी घराच्या भिंतीला लागून तिची गंजी. कुटार गोठ्यात. कापसाच्या खोलीतल्या माणसांच्या अंगाला खाज सुटते, गंजीखाली उंदीर वितात, तळाशी ओल धरली की वाळवी चढते आणि तिथून भिंतीत जाते. नुकसान एवढ्यावर थांबत नाही. २०१७ साली विदर्भातला कापूस गुलाबी बोंडअळीने पोखरला. ही अळी सरकीच्या दोन दाण्यांत लपून उन्हाळा काढते आणि पऱ्हाटीला राहिलेल्या वाळक्या बोंडातही तग धरते. घराच्या भिंतीला लावलेली गंजी आणि खोलीत पडलेला कापूस म्हणजे पुढच्या हंगामातल्या बोंडअळीला दिलेला आसरा. कृषी विद्यापीठं पऱ्हाटी वेळेत काढून नष्ट करा असं का सांगतात, ते घरातून पाहिलं की नीट उमजतं. शेतातली कीड घरात येते तशी घरातली कीड शेतात जाते. गंजी लावायचीच असेल तर ती घरापासून दूर लावा आणि पाऊस पडायच्या आत संपवा.

वाळवीकडे येऊ. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. उन्हाळ्यात शेतातल्या भेगेत हात जातो, आणि तीच माती आपल्या जोत्याखालीही असते. जोतं हलतं, भिंतीच्या मुळाशी केसासारख्या रेषा पडतात आणि वाळवीला तेवढी वाट पुरते. वाळवीला कोरडेपणा सोसत नाही. म्हणून ती मातीचं बोगद्यासारखं आवरण करत चढते. दाराच्या चौकटीमागे किंवा जिन्याखाली पेन्सिलच्या जाडीची मातीची वळवळती रेघ दिसली की तिचा एक तुकडा फोडून ठेवा आणि दोन दिवसांनी पाहा. पुन्हा लिंपलेली असेल तर आतलं घराणं जिवंत आहे.

जुन्या वाड्यांचे तुळई-खांब मेळघाटातल्या सागाचे असत, आणि ‘सागाला वाळवी लागत नाही’ असं सर्रास म्हटलं जातं. हे अर्धंच खरं. सागाच्या गाभ्यात वाळवीला न मानवणारी द्रव्यं असतात. बाहेरच्या फिकट भागात ती जवळजवळ नसतात. आज स्वस्तात मिळणाऱ्या सागाच्या चौकटीत हा फिकट भाग बराच असतो. लाकूड घेताना गाभ्याचा तपकिरी रंग कुठवर आहे ते बघा, नाहीतर साग म्हणून घेतलेली चौकट पाच वर्षांत पोकळ वाजते.

नवं घर बांधत असाल तर पायातच वाळवीरोधक प्रक्रिया करून घ्यावी. भारतीय मानक ६३१३ त्यासाठीच आहे. त्याच्या दुसऱ्या भागात बांधकामाआधीची पद्धत दिली आहे, तिसऱ्यात बांधलेल्या घराची, ज्यात भिंत आणि फरशीच्या सांध्यावर साधारण फुटाफुटावर भोकं पाडून द्रावण सोडतात. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यायचं. आपल्या हातचं काम वेगळं: घराभोवती फरशीचा पट्टा घालून पाणी जोत्यापासून लांब न्यायचं, मोरीची गळती बंद करायची आणि भिंतीच्या भेगा उन्हाळ्यात, त्या सगळ्यात रुंद असतात तेव्हा, भरून घ्यायच्या. मृगाच्या पहिल्या सरीनंतर दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीचे थवे येतात. ते नवं घर शोधायलाच निघालेले असतात. तोवर भेगा मिटलेल्या असाव्यात.

भेगांशी आणखी एक दुखणं जोडलेलं आहे. १९६५ साली नागपूरजवळ एक विषाणू प्रथम सापडला आणि जागेवरून त्याला चांदीपुरा हे नाव पडलं. लहान मुलांच्या मेंदूला ताप आणणारा हा विषाणू वाळूमाशी पसरवते, आणि वाळूमाशी वाढते ती मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत. पावसाळ्याआधी भिंती लिंपून घेणाऱ्या आपल्या आज्या या माशीचं नाव जाणत नव्हत्या. तिची जागा मात्र दरवर्षी बुजवत होत्या.

उन्हाळा आपल्या बाजूने आहे असं मी वर म्हटलं. त्याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो खिडकीत बसलेला असतो.

कूलर. बाहेर सगळं भाजून निघत असताना डासाला सावली, गारवा आणि साठलेलं पाणी एकाच ठिकाणी मिळतं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात वाढत नाही, त्याला घरातलं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी आवडतं. त्यात आपल्या भागाची पाण्याची तऱ्हा अशी. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. गोडं पाणी येतं ते नळाने, आणि अनेक ठिकाणी तेही काही दिवसांआड. मग घरोघरी टाक्या, ड्रम, रांजण, हौद. पाणी साठवणाऱ्याचा यात दोष नाही. पण प्रत्येक उघडा ड्रम डासाला पाळणा होतो.

कूलरची टाकी उघडून टॉर्चच्या उजेडात पाण्याच्या रेषेच्या जरा वर बघा. क्षाराच्या पांढऱ्या थरावर काळे, तांदळाच्या कणीहून कितीतरी बारीक ठिपके चिकटलेले दिसू शकतात. ही एडिसची अंडी. मादी ती पाण्यात घालत नाही, पाण्याच्या वरच्या ओलसर भिंतीवर घालते. टाकी रिकामी केली तरी अंडी भिंतीवरच राहतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत असतात. जूनमध्ये पाणी ओतून दिलेला कूलर माळ्यावर चढतो आणि पुढच्या मार्चमध्ये खाली येतो. पाणी भरलं की मागच्या वर्षीची अंडी फुटू शकतात. आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणून आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ नुसतं पाणी ओतणं नव्हे. काथ्याने किंवा ताठ ब्रशने टाकीच्या चारही भिंती, विशेषतः पाण्याची रेघ, घासायची, धुवायची आणि उन्हात खडखडीत वाळवायची. ड्रमला झाकण नसेल तर सुती कापड ताणून बांधा. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा. जुनं कूलरचं गवत पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

झुरळांचं थोडक्यात. स्वयंपाकघरात दिसणाऱ्या लहान, फिकट तपकिरी झुरळाला ‘जर्मन झुरळ’ म्हणतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं, की त्याचं मूळ दक्षिण आशियात, भारत-म्यानमारच्या बाजूला आहे आणि सुमारे एकवीसशे वर्षांपूर्वी ते माणसाच्या सोबतीला आलं. इतक्या जुन्या सोबत्याला फवाऱ्याची सवय होते यात नवल नाही. गोड आमिष टाळणाऱ्या त्याच्या पिढ्याही तयार झाल्या आहेत. पण या झुरळाला भुकेपेक्षा तहान लवकर मारते. पाण्याविना ते दोन आठवडेही नीट काढत नाही. रात्री झोपण्यापूर्वी ओटा आणि मोरी कोरडी पुसली आणि गळका नळ दुरुस्त केला, तर बिजागरीमागे ठेवलेला जेलचा ठिपका काम करतो. ओल्या ओट्यावर तो वाया जातो. जेल लावल्यावर तिथे फवारा मारू नये. वासाने झुरळ आमिषाकडे फिरकत नाही.

उंदरासाठी दाराखालची फट मोजा. पेन्सिल आत जात असेल तर उंदराचं पिल्लूही जाईल. आणि उंदरामागे साप येतो. वऱ्हाडातल्या पावसाळ्यात घरात निघणारा नाग किंवा मण्यार बहुधा आपल्या शोधात आलेला नसतो, कोठीतल्या उंदराच्या मागावर असतो. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली, तीही उंदरांच्या अंगावरच्या सूक्ष्म गोचिडांसारख्या किड्यांमुळे. धान्याची पोती भिंतीपासून हातभर दूर आणि पाटावर ठेवली, दाराला पत्र्याची पट्टी मारली, न्हाणीच्या तोंडाला जाळी बसवली, एवढ्याने ही साखळी पहिल्याच कडीला तुटते.

आता ज्यासाठी हे प्रकरण लिहावंसं वाटलं त्या गोष्टीकडे. शेतकऱ्याच्या घरात कपाशीवरच्या औषधाची अर्धी बाटली हटकून सापडते. कधी फडताळात, कधी माळ्यावर, कधी तेलाच्या डब्यांशेजारी. ढेकूण झाले, मुंग्या झाल्या की तीच बाटली उघडली जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली आणि कित्येक दगावले. तेही उघड्या रानात, वाऱ्यात. तीच द्रव्यं बंद खोलीत, बाजेवर, लेकराच्या अंथरुणावर मारायची? धान्यात टाकायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांचं तर नावही घरात नको. ओल लागताच त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, रात्रीत शेजारच्या खोलीत पसरतो, आणि त्यावर उतारा नाही. या गोळ्यांच्या विक्रीवर कायद्याने बंधन आहे, तरी त्या मिळतात आणि पोत्याशेजारी झोपलेली माणसं त्यांनी मरतात. किडलेली तूर फेकून दिली तर दोन-चार हजारांचं नुकसान होतं. त्यापलीकडे कुठलाही हिशेब मांडायला मी तयार नाही.

शेवटची अडचण अशी, की आपण कितीही घासलं-पुसलं तरी शेजारची कचराकुंडी आणि रिकामा प्लॉट आपल्या हाती नसतो. एडिस शंभर-दोनशे मीटर सहज उडतो, घूस चार घरांखालून बीळ काढते. यावरची वाट दाखवून गेलेले गाडगेबाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मले आणि मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला मामाकडे वाढले. कुठल्याही गावात गेले की आधी खराटा हाती घेऊन ते गाव झाडत, कीर्तन मागाहून. ते कुणा एकाचं अंगण झाडत नव्हते, सगळ्यांची वाट झाडत होते. गल्लीतल्या दहा घरांनी एकाच रविवारी कूलर घासले तर त्याचा गुण येतो. दहा घरांनी दहा वेगळ्या रविवारी घासले तर डास या घरातून त्या घरात राहायला जातो.

तेव्हा गच्चीवर ऊन तापतं आहे तोवर गाद्या काढा, तूर पसरा, भेगा भरा. शेतातली बाटली आजच घराबाहेर, कुलपात ठेवा. आणि कूलर माळ्यावर चढवण्याआधी त्याच्या टाकीची पांढरी रेघ एकदा हाताने घासून काढा.